आधी सत्कार, मग शर्यत

सारजाचा सत्कार गुरुवारी झाला. शर्यत त्यानंतरच्या रविवारी होती. कळस गावात कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण सभापती सर्जेरावांची तारीख गुरुवारचीच मिळाली होती.

सर्जेरावांची तारीख मिळणं ही काय चीज आहे ते तालुक्यात राहणाऱ्यालाच कळेल. कुणाची दशक्रिया, कुठलं भूमिपूजन, दूध संस्थेचं उद्घाटन, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरला नारळ, असा त्यांचा दिवस उजाडायच्या आधीच भरलेला असे. शुक्रवारी ते केरळच्या अभ्यास दौऱ्यावर निघणार होते. अभ्यास नारळाच्या बागांचा होता. कळसला नारळ फक्त फोडायला येतो, ही गोष्ट वेगळी. तिकडून आल्यावर गणपती, मग पितृपंधरवडा, मग दिवाळी. शर्यत झाल्यावर सत्कार ठेवायचा म्हटलं, तर थेट तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावं लागलं असतं.

"सभापती मिळतायत ना? मग शर्यतीचं काय घेऊन बसलात!" खारतोडे सर म्हणाले. "ती होईलच रविवारी."

खारतोडे सर गावच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात बंद पडलेलं स्टॉपवॉच. सारजा आठवीत असल्यापासून त्यांनी तिला तयार केलं होतं, म्हणजे ते लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसत आणि ती मैदानाला फेऱ्या मारत असे. मधूनच ते "हात मारा, हात!" असं ओरडत. सरांना स्वतःला पळताना सारजाने एकदाच पाहिलं होतं, लिंबावरच्या मोहोळाला कुणीतरी दगड मारला तेव्हा. त्या दिवशी मात्र ते खरंच चांगले पळाले होते.

मांडवात लावायचा फलक रंगवणाऱ्या पेंटरला थोडी शंका आली होती. "सर, कोल्हापूरच्या पावसाळी शर्यतीत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल लिहू, का पटकावणार असल्याबद्दल?"

"पटकावल्याबद्दल लिही. दुसरं लिहायला कापड पुरणार नाही."

सारजाने तो फलक पाहिला आणि ती सरांकडे गेली. "सर, मी अजून पळाले न्हाय."

"मग? पळणार नाहीस का?"

"पळणार हाय की."

"मग झालं तर!"

सारजा एकोणीस वर्षांची होती. बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि आजवर जिल्ह्याच्या बाहेर पळायला गेलेली नव्हती. तिचे वडील बाजीराव तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढे विहिरीला पाणी लागलं, मेंढरं विकली, ऊस लावला आणि ऊस लावणाऱ्या माणसाला जी जी दुखणी होतात ती सगळी त्यांना झाली. त्यात सगळ्यात मोठं दुखणं स्टेजचं. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत सर्जेरावांच्या पॅनेलमध्ये आपलं नाव यावं, एवढंच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं.

सारजाला हवं होतं ते सांगायला सोपं आणि मिळायला अवघड होतं. तिला पळायचं होतं. पहाटे ती कळसहून अंथुर्ण्याच्या कालव्यापर्यंत पळत जायची आणि पळत यायची. सुरुवातीला रस्त्यावरची माणसं घाबरायची.

"काय गं, कुणाचं काय झालं?"

"काय न्हाय. पळतीय."

"कशापायी?"

त्याचं उत्तर तिला कधी देता आलं नाही. उत्तर नव्हतं असं नाही. पण धारेला निघालेल्या माणसाला ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

आणि तेवढ्यात वडगाव निंबाळकरचं स्थळ आलं होतं. बागायती घर, बारा जर्सी गाई, मुलगा शांत. मुलीला पळायचा नाद आहे हे त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. मुलाचा चुलता म्हणाला होता, "बरंच हाय की. गोठ्यात चपळ माणूस लागतंच."

गुरुवारच्या सत्काराला सर्जेराव दोन तास उशिरा आले. त्यांनी ऊस, ठिबक सिंचन आणि विरोधी पॅनेलचा नालायकपणा यांवर सविस्तर भाषण केलं आणि शेवटी "आमची ही कन्या कुमारी सरोज हिने कोल्हापूरसारख्या ठिकाणी जाऊन तालुक्याचं नाव उज्ज्वल केलं" असं म्हणून सारजाच्या हातात शाल, नारळ आणि साडी ठेवली. पळणाऱ्या मुलीला साडी द्यायची कल्पना सोसायटीची होती. इंदापूरहून आलेला वार्ताहर ऐकेल ते उतरून घेत होता. सारजाची त्या दिवशीची संध्याकाळची धाव बुडाली होती, आणि तिचं सगळं लक्ष मावळत्या उजेडाकडे होतं.

मग माईक बाजीरावांच्या हातात आला. माईक हातात आला की बाजीरावांचा आवाज आपोआप जड होई. ते म्हणाले, "सभापतीसाहेबांच्या म्होरं शब्द देतो. पोरीचा पयला नंबर म्हंजी गावाचा पयला नंबर. हितनं म्होरं तीन वर्सं हिच्या लग्नाचं नाव काढणार न्हाय. हिला पळू देणार. बाजीराव एकदा बोलला म्हंजी बोलला!"

मांडवात टाळ्या पडल्या. सर्जेरावांनी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि "साक्षीला मी आहे" असं माईकवरूनच सांगितलं. सारजाने पहिल्यांदाच मान वर केली. टाळ्यांचा भर ओसरल्यावर मांडवाच्या मागे बाजीरावांनी तिला बाजूला घेतलं. "ध्यानात ठेव. पयली आलीस तर. न्हाय आलीस, तर मार्गशीर्षात वडगाव."

म्हणजे आता तिच्या पायांवर तीन वर्षं लागलेली होती.

शनिवारी सकाळी म्हस्कूची कमांडर जीप कोल्हापूरला निघाली. पुढे म्हस्कू आणि सोसायटीचे दोन संचालक, मागे बाजीराव, खारतोडे सर आणि सर्जेरावांचे एक मेहुणे. मेहुणे कशासाठी आले होते हे कुणी विचारलं नाही. सभापतींच्या मेहुण्यांना तसं विचारत नाहीत. सारजाची आई ठमाबाई हिलाही यायचं होतं, पण जीपमध्ये जागा नव्हती. पळणारणीला तेवढी जागा निघाली. मागच्या फळीच्या टोकाला, अंबाबाईला वाहायच्या नारळांचं पोतं होतं, त्याच्यावर पाय घेऊन ती कोल्हापूरपर्यंत बसली. फलटणपर्यंत तिचा उजवा पाय मुंग्यांनी भरला. साताऱ्यापर्यंत डावा.

फलटणला भजी झाली. साताऱ्याला पेढे झाले. कराडला वडापाव झाला. प्रत्येक ठिकाणी खारतोडे सर तोंडात घास असतानाच मागे वळून म्हणत, "सारजा, तू काही खाऊ नकोस हं. उद्या पळायचंय."

"आन तुमाला?" तिने कराडला विचारलं.

"आम्हाला धीर द्यायचाय. त्यालाही ताकद लागते."

कराडच्या पुढे पाऊस लागला. कळसच्या माणसाला पाऊस म्हणजे काय ते माहीत असतं, असं कळसच्या माणसाला वाटतं. तिकडे ढग येतात, थोडा वेळ गावाकडे बघतात आणि पुढे निघून जातात. इथला पाऊस कुठेच जायच्या तयारीत नव्हता. जीपच्या ताडपत्रीतून पाणी ठिबकायला लागलं आणि ते नेमकं सारजाच्या मानेवर ठिबकू लागलं. बाजीरावांनी ते पाहिलं. "आत्ताच सवय व्हतीय, बरंच झालं," ते म्हणाले.

कोल्हापुरात एका धर्मशाळेत उतरल्यावर पुरुषमंडळी डोक्यावर टॉवेल धरून तांबडा-पांढरा रस्सा खायला गेली. श्रावण चालू होता. पण परगावी श्रावण लागत नाही असं दोन्ही संचालकांचं मत पडलं आणि मेहुण्यांनी त्याला अनुमोदन दिलं. सारजाने आईने बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दमट हवेनं भाकरी वातड झाली होती. खिडकीतून दिसणारा रस्ता तिच्या ओळखीचा नव्हता. त्यावरून पाणी असं वाहत होतं, जणू त्याला उद्याच्या शर्यतीची आजच घाई होती.

रविवारी सकाळी खारतोडे सरांनी तिला मैदानावर सोडलं, तिच्या पाठीला नंबराचं कापड लावलं आणि ते म्हणाले, "पहिल्यापासून पुढे राहायचं. मागे वळून बघायचं नाही. हात मारा, हात. आम्ही देवीचं दर्शन घेऊन शेवटाला हजर."

शर्यत शहरातून नदीचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागणार होती आणि तिथूनच वळून परत येणार होती. राज्यभरातल्या मुली होत्या. सारजाने सरांचं ऐकलं आणि पहिल्यापासून पुढे राहिली. सरांचं ऐकून ती पळाली ती तेवढीच. पहिल्या चढालाच तिचा श्वास फुलला. बरगडीखाली कळ आली. एकामागून एक मुली तिच्या बाजूने पुढे निघून गेल्या आणि प्रत्येकीबरोबर तिच्या तीन वर्षांतला एकेक तुकडा गेला. फलक, हार, टाळ्या, वडगावच्या गाई, सगळं तिच्या डोक्यात एकदमच पळत होतं आणि तिच्यापेक्षा जोरात पळत होतं.

पुलावर आल्यावर तिने खाली पाहिलं. नदी पुलाच्या अगदी जवळ आली होती. मातकट, रुंद, कसलाही आवाज न करता चाललेली. एवढं पाणी एकाच वेळी एकीकडे जाताना तिने कधी पाहिलं नव्हतं. कालवा तिला पाणी वाटायचा. पाऊस समोरून येत होता, बाजूने येत होता, रस्त्यावर आपटून खालूनही वर उडत होता. कॅनव्हासच्या बुटांत पाणी भरलं होतं आणि प्रत्येक पावलाला ते चुबूक चुबूक वाजत होतं. थोड्या वेळाने तिला त्या आवाजाशिवाय काहीच ऐकू येईना. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं भरून रस्त्याच्या पातळीला आली होती. छत्री घेतलेली एक म्हातारी बांधावर उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकीला ओरडून सांगत होती, "पळ गं बाई, पळ!" तिला कुणाचं काही पडलेलं नव्हतं. सगळ्याच जणींनी पळावं असं तिचं म्हणणं होतं.

तिथून पुढे सारजा पळायला लागली. पुढच्या मुलींच्या पाठी पावसातून एकेक करून दिसू लागल्या. ती घाई न करता त्यांच्यापर्यंत पोचत गेली आणि बाजूने पुढे निघत गेली. परत शहरात शिरताना पुढे फक्त एक पिवळी बंडी दिसत होती; तिच्याही पुढच्या मुली पावसात दिसेनाशा झाल्या होत्या. ती पिवळी बंडी काही तिला गाठता आली नाही. शेवटच्या दोरीजवळ छत्रीखाली उभ्या असलेल्या एका गृहस्थाने तिच्याकडे न बघता म्हटलं, "सात."

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. पहिला नंबर गेला होता, तीन वर्षं गेली होती. तरी आतून काहीतरी उसळून वर येत होतं, आणि ते दुःख नव्हतं. परक्या शहरात, असल्या पावसात, एवढ्या मुलींत सातवी! ते कुणाला तरी सांगावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. कळसचं कुणीच नव्हतं.

ताडपत्रीखाली पहिली आलेली मुलगी कुडकुडत बसली होती. तिचं नाव प्रियदर्शनी, गाव इचलकरंजी. सारजाला तिने जवळ बसवून घेतलं आणि आपल्या टॉवेलचं टोक दिलं.

"बक्षिसं कवा हायत?" सारजाने विचारलं.

"पाहुणे आले की. पावसात अडकलेत म्हणं. आणि कप त्यांच्याच गाडीत हाय." कोल्हापूरकडच्या मुलींच्या रीतीप्रमाणे ती पुढे म्हणाली, "मी तासभर बसलोय. आता माझी एसटी जाईल. मी निघतो."

"आन सत्कार?"

"कुणाचा?"

"तुजा. पयली आलीस की."

प्रियदर्शनी हसली. "पहिलं आल्यावर सत्कार होतो काय तुमच्याकडं?"

"आल्यावर न्हाय," सारजा म्हणाली. "माझा गुरुवारीच झाला."

हे ऐकून ती मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग आपली पिशवी डोक्यावर धरून ती पावसात निघून गेली. पाहुणे आले तेव्हा पहिला नंबर इचलकरंजीच्या वाटेवर होता.

त्यानंतर बऱ्याच वेळाने कळसची मंडळी आली. कपाळावर कुंकवाचे मळवट, तोंडाला मिसळीचा वास. रांग मोठी होती आणि मिसळीच्या दुकानातही रांग होती. बाजीरावांनी आल्या आल्या झेंडूचा हार तिच्या गळ्यात घातला आणि मग विचारलं, "कितवी?"

"सातवी."

हार गळ्यातच होता. तो काढायचा की राहू द्यायचा, हे कुणालाच कळेना.

"सातवी म्हणजे मुलींत?" खारतोडे सरांनी विचारलं.

"पोरींचीच हुती शर्यत."

"मी सांगितलं होतं, पहिल्यापासून पुढे राहा."

"ऱ्हायले हुते. म्हणूनशान सातवी."

परतीच्या वाटेवर जीप कराडला थांबली नाही, साताऱ्यालाही थांबली नाही. भजी, पेढे, वडापाव काहीही झालं नाही. फलटणला मेहुण्यांनी वर्तमानपत्र घेतलं आणि आतल्या पानावर बोट ठेवलं. गुरुवारच्या कार्यक्रमाची बातमी त्या दिवशी आली होती. कळसच्या कन्येचं कोल्हापुरात सुयश, सभापती सर्जेराव यांच्या हस्ते सत्कार. सर्जेरावांचा फोटो मोठा होता. सारजाचा खांदा आला होता.

"आता?" बाजीराव म्हणाले.

खारतोडे सरांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. "हे बघा बाजीराव. खोटं कुणी बोलायचं नाही. मी शिक्षक माणूस आहे, मला खोटं चालणार नाही. फक्त खरं विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

"आन इचारलं तर?"

"कोण विचारतंय? सत्कार झालाय ना!"

सरांचं बरोबर होतं. वेशीवर हलगी वाजत होती, गुलाल उधळला जात होता. सारजा जीपमधून उतरली आणि जो समोर आला त्याला म्हणाली, "मी सातवी आले."

"लाजतीय पोरगी," तो मागच्याला म्हणाला.

"लाजत न्हाय. सातवी आले. सहा पोरी म्होरं हुत्या."

"बापावानी न्हाय बया ही, गर्व म्हणून न्हाय!" एक बाई कौतुकाने म्हणाली आणि तिने सारजाच्या कपाळावर मूठभर गुलाल फासला. सारजा आणखी मोठ्याने सांगू लागली, तशी हलगीही आणखी मोठ्याने वाजू लागली.

तिसऱ्या दिवशी जेवताना बाजीराव म्हणाले, "गावाचं सोड. आपल्याला ठावं हाय काय झालं ते. वडगावला निरोप धाडतो. मार्गशीर्ष."

सारजाने घास खाली ठेवला. "धाडा की. पर तुमी समद्या गावाम्होरं शब्द दिलाय तीन वर्सांचा."

"पयली आलीस तर."

"ते मांडवामागं बोलला. माईकवर न्हाय बोलला."

"म्हंजी तू पयली आलीस?"

"मी तर वेशीपास्नं वरडून सांगतीय, सातवी. कुणी आयकंना. आता तुमी सांगा. सभापतीसाहेबांस्नी जाऊन म्हणा, साहेब, तुमी शाल दिलीसा ती सातवीला. पेपरातलं बी खोटं, तुमचं भाषण बी खोटं. मग काढा मार्गशीर्षातला मुहूर्त. मी हूं का चूं करणार न्हाय."

ठमाबाई भाकरी थापता थापता थांबली. "जावा की," ती नवऱ्याला म्हणाली. "साहेब आल्यात केरळास्नं. धोतार धुवून ठेवलंय."

बाजीराव खरोखरच इंदापूरला गेले. वाटेत खारतोडे सर भेटले. त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाजीराव, माझ्या बदलीचा प्रश्न आहे, तेवढं तोंड आवरा." बाजीरावांनी तरी धीर सोडला नाही. सभापतींच्या कचेरीत ते तासभर बाकावर बसले आणि काय बोलायचं ते मनात घोळवत राहिले. पण आत बोलावलं तेव्हा सर्जेरावांनी उठून त्यांना शेजारी बसवलं आणि समोरच्या चार माणसांना सांगितलं, "हे कळसचे बाजीराव. पोरगी राज्यात पहिली. लग्न मोडून पोरीला पळवणारा बाप! अशी माणसं आपल्या पॅनेलला पाहिजेत." चहा आला. बाजीरावांनी चहा घेतला. चहात साखर जास्त होती, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

वडगावला निरोप गेला तो नकाराचा होता. तिकडचा चुलता फार हळहळला म्हणे. राज्यात पहिली आलेली पोर गोठ्यात किती शोभली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सारजा बूट बांधत होती. बाजीराव अंगणात येऊन उभे राहिले. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात नेहमीसारखेच, थांबायचं मनात नसलेले ढग होते.

"अंथुर्ण्याच्या बाजूनं नगं जाऊस," ते म्हणाले.

"का?"

"तितली मानसं इचारत्यात. शर्यत कशी झाली म्हून."

"मग सांगते की त्यास्नी."

"त्याचंच भ्या हाय," बाजीराव म्हणाले आणि घरात गेले.

सारजा अंथुर्ण्याच्याच रस्त्याला लागली.